पॅराथायरॉइडला सूज आणि वाढलेलं कॅल्शियम: आईंच्या रिपोर्टचा अर्थ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ५४. वर्षभरापासून अंगदुखी, थकवा, बद्धकोष्ठ. मुतखड्याचा त्रास दोनदा होऊन गेलेला. थायरॉइड बघायला म्हणून मानेची सोनोग्राफी केली, तर डाव्या बाजूला थायरॉइडच्या मागे, खालच्या टोकाजवळ १.८ सेंटिमीटरची गाठ दिसली. ‘पॅराथायरॉइडला सूज आहे’ असं सांगून दहा दिवस अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दिलं गेलं. गाठ होती तेवढीच आहे. रक्तात कॅल्शियम ११.४, अल्ब्युमिन ३.६, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) १४२ आणि ड जीवनसत्त्व फक्त ११. आता सुई घालून गाठीचा नमुना घ्यायचं चाललंय. ही सूज औषधांनी उतरेल का आणि सुईची तपासणी करावी का, हे तुम्हाला हवंय.

दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पण हे आकडे इतके स्पष्ट आहेत की मोघम बोलण्यात अर्थ नाही. पॅराथायरॉइडला दाह झाला की तिचं हार्मोन कमी होतं. आईंचं वाढलंय. एवढ्या एका गोष्टीवरून जवळजवळ सगळं ठरतं.

का, ते सांगतो. या ग्रंथी सहसा चार असतात, थायरॉइडच्या मागच्या अंगाला, दोन वर आणि दोन खाली. एकेक ग्रंथी मसुराच्या दाण्याएवढी, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. थायरॉइडशी त्यांचं नातं शेजारापुरतं. काम अगदी वेगळं. रक्तातल्या कॅल्शियमवर क्षणाक्षणाला लक्ष ठेवायचं आणि ते जरा खाली आलं की पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, सोडायचं. हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडांना ते लघवीतून जाऊ देऊ नका म्हणून सांगतं, आणि मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यातून कॅल्शियम शोषायला लावतं. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात. निरोगी माणसाचं कॅल्शियम ११.४ झालं, तर पीटीएच तळाला जायला हवं. आईंचं १४२ आहे, आणि बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा ६५ च्या आसपास असते. म्हणजे एक ग्रंथी कुणाचं ऐकेनाशी झाली आहे.

या आजाराला प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. शंभरातल्या ८० ते ८५ रुग्णांत कारण एकच असतं: चारांपैकी एका ग्रंथीत झालेली साधी, कॅन्सर नसलेली गाठ, म्हणजे अ‍ॅडिनोमा. काहींत एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात. कॅन्सर शंभरात एकालाही नसतो. मासिक पाळी थांबलेल्या वयातल्या बायकांत हा आजार सगळ्यात जास्त दिसतो. सोनोग्राफीत दिसलेला तो काळपट, लांबट गोळा म्हणजे वाढलेल्या पेशी आहेत. तिथे जंतू नाहीत आणि पू नाही, मग अँटिबायोटिकने काय होणार? स्टेरॉइडनेही ही गाठ कमी होत नाही, उलट आधीच झिजलेल्या हाडांवर आणखी भार पडतो. दहाच दिवस घेतलं असेल तर काळजी नको. मात्र कुणी तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबवू नये.

आता सुईबद्दल. ही तपासणी थायरॉइडच्या गाठीसाठी उत्तम आहे आणि ती वर्षानुवर्षं होत आलीय, म्हणून मानेत गाठ दिसली की हात आपोआप तिकडे जातो. पॅराथायरॉइडच्या बाबतीत मी सहसा ती टाळायला सांगतो. सुईने आत रक्तस्राव होतो, मग खरोखरच दाह होतो, व्रण तयार होऊन ग्रंथी आजूबाजूला चिकटते. नंतर ऑपरेशनमध्ये सर्जनला ती सोडवणं जड जातं, आणि पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली तो व्रण कॅन्सरसारखा भासू शकतो. शिवाय त्या नमुन्यातून नवीन काही कळणारही नाही, कारण निदान रक्ताने आधीच झालंय. अगदी अडलेल्या प्रसंगी, म्हणजे गाठ थायरॉइडची की पॅराथायरॉइडची हे कशानेच ठरत नसेल तर, सुईतून आलेल्या द्रवात पीटीएच मोजतात. आईंच्या बाबतीत तशी वेळ आलेली नाही.

आकड्यांकडे जरा बारकाईने बघू. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन कमी असलं की एकूण कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. म्हणून दुरुस्ती करायची: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा आणि कॅल्शियममध्ये मिळवा. आईंचं ४ वजा ३.६ म्हणजे ०.४, गुणिले ०.८ म्हणजे ०.३२. खरं कॅल्शियम झालं ११.७. कागदावर वरच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे १०.५ पेक्षा, ते ०.९ ने जास्त दिसत होतं; प्रत्यक्षात १.२ ने जास्त आहे. फरक लहान वाटेल, पण ऑपरेशन सुचवण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एक निकष ‘मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त’ असा आहे, आणि आई त्या रेषेच्या पलीकडे जातात.

त्यात ड जीवनसत्त्व ११. या आकड्यावर मला जरा थांबायचंय, कारण आपल्याकडे या आजारात सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. ड जीवनसत्त्व कमी असलं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम खाली ओढलं जातं. अ‍ॅडिनोमा ते वर ढकलत असतो. दोन्ही एकाच वेळी असले तर कॅल्शियम कधी कधी १०.३ किंवा १०.४ असं सभ्य दिसतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला पडतो. आजार आत चालूच राहतो. हाडं दुखतात म्हणून सांधेवात ठरतो, गोळ्या चालू होतात, मुतखडा झाला की यूरॉलॉजिस्ट तो काढून देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा होतो. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेक वेळा नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास नसताना सापडतो. आपल्याकडे मात्र अजूनही रुग्ण हाडं आणि मूत्रपिंडं बिघडल्यावर येतात, आणि वयाने तिकडच्यापेक्षा तरुण असतात. जबड्यात किंवा पायाच्या हाडात गाठ आली, ती हाडाचा ट्यूमर समजून खरवडून काढली, आणि कॅल्शियम नंतर कधीतरी तपासलं, असे रुग्ण आमच्याकडे येतात. त्या गाठीला ब्राउन ट्यूमर म्हणतात. तो पीटीएचने पोखरलेल्या हाडात तयार होतो आणि ग्रंथी काढली की पुष्कळदा आपोआप भरून येतो. हाडाला चाकू लावण्याआधी एक कॅल्शियम तपासलं असतं तर, असं प्रत्येक वेळी वाटतं.

याची उलट बाजूही सांगायला हवी. हल्ली तपासण्यांच्या पॅकेजमध्ये पीटीएच आपसूक तपासलं जातं आणि ‘पॅराथायरॉइड वाढलंय’ म्हणून लोक घाबरून येतात. पीटीएच ९०, कॅल्शियम ९.१, ड जीवनसत्त्व ८. इथे ग्रंथी बिघडलेली नाही. कॅल्शियम कमी पडतंय म्हणून ती बिचारी जास्त काम करतेय. जीवनसत्त्व भरून काढा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, बहुतेकांचं पीटीएच खाली येतं. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही पीटीएच असंच वाढतं. त्यामुळे कॅल्शियम शेजारी ठेवल्याशिवाय पीटीएचचा आकडा वाचूच नये.

मग पॅराथायरॉइडचा खरा दाह असतो तरी का? असतो, पण अगदी दुर्मीळ, आणि त्याचं चित्र आईंच्या बरोबर उलट असतं. शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथींवर उलटते, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत शिरतात, ग्रंथी हळूहळू आक्रसतात आणि पीटीएच घटतं. कॅल्शियम पडतं, फॉस्फरस चढतो. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, हात आकसतात. दंडाला बीपीचा पट्टा बांधून वरच्या बीपीपेक्षा थोडा जास्त दाब तीन मिनिटं ठेवला, तर मनगट वाकतं, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटतात आणि अंगठा तळव्यात वळतो. एकदा बघितलेला तो हात डॉक्टर विसरत नाही. काहींना थेट झटके येतात आणि वर्षानुवर्षं अपस्माराच्या गोळ्या चालू राहतात. मेंदूच्या स्कॅनमध्ये खोलवर दोन्ही बाजूंना कॅल्शियम साठलेलं दिसतं, कमी वयात मोतीबिंदू होतो, तेव्हा कुणाला तरी शंका येते. झटके येणाऱ्या प्रत्येक मुलाचं कॅल्शियम एकदा तपासलंच पाहिजे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

अशा दाहाचं सगळ्यात ओळखीचं रूप एआयआरई नावाच्या जनुकातल्या दोषाने होतं. लहानपणी तोंडात पुन्हा पुन्हा बुरशी, मग पॅराथायरॉइड निकामी, मग मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी निकामी, असा साधारण क्रम असतो. कॅन्सरवरच्या नव्या इम्युनोथेरपी औषधांमुळेही क्वचित प्रतिकारयंत्रणा या ग्रंथींच्या मागे लागते. बाकी पीटीएच कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मानेचं ऑपरेशन, विशेषतः थायरॉइड काढताना या चिमुकल्या ग्रंथींना इजा होणं किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटणं. थॅलेसेमियाच्या मुलांत सतत रक्त दिल्याने लोह साठून त्या बिघडतात, तिथे दाहाचा संबंध नसतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. वाढलेलं पीटीएच म्हणून काढलेल्या ग्रंथीतही कधी कधी पॅथॉलॉजिस्टला लिम्फोसाइट दिसतात आणि रिपोर्टमध्ये ‘पॅराथायरॉइडायटिस’ असा शेरा येतो. त्याने उपचार बदलत नाहीत. दुसरं, अ‍ॅडिनोमाच्या आत अचानक रक्तस्राव झाला तर मान एकाएकी दुखते, सुजते, दोन-तीन दिवसांत मानेवर आणि छातीवर काळंनिळं होतं. तो प्रसंग बाहेरून दाहासारखा दिसतो. तसं झालं तर थांबू नका, श्वासाला अडथळा होऊ शकतो. आणि मान दुखत असेल, ताप असेल, नुकताच सर्दी-खोकला होऊन गेला असेल, तर दाह बहुधा थायरॉइडचा असतो. तो आजार निराळा, आणि त्यात वेदनाशामक औषधं, प्रसंगी स्टेरॉइड, खरंच उपयोगी पडतात. आईंना स्टेरॉइड मिळालं ते बहुधा या सरमिसळीतून.

आता पुढे काय करायचं ते. पहिलं म्हणजे कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच हे सगळं एकाच वेळच्या रक्तातून पुन्हा करा. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, कॅल्शियम खोटं वाढतं. पीटीएचसाठी जांभळ्या टोपणाची नळी चांगली. आई केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, कारण त्याने पीटीएच खोटं कमी येतं. बीपीची गोळी कोणती आहे ते बघा. तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल (नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीएच’ असलेल्या गोळ्यांत असतं), तर ती कॅल्शियम वाढवते. डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर तेही सांगा.

दुसरं, २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन. कॅल्शियम जास्त, पीटीएच जास्त, पण लघवीत कॅल्शियम अगदीच कमी, असं असेल तर तो एक निरुपद्रवी आनुवंशिक प्रकार असू शकतो. त्यात ऑपरेशनची गरज नसते आणि ते केलं तरी उपयोग होत नाही. आईंना खडे झालेत, म्हणजे तसं असण्याची शक्यता कमी, पण हा दरवाजा बंद करूनच पुढे जावं. ड जीवनसत्त्व कमी असताना लघवीतलं कॅल्शियमही कमी येतं, हे आकडा वाचताना लक्षात ठेवायचं. तिसरं, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. कमर आणि खुब्याबरोबर हाताच्या मनगटाजवळच्या हाडाचाही सांगा, कारण या आजारात टणक हाड आधी झिजतं आणि ते तिथे सगळ्यात चांगलं कळतं. हे नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं, मागून घ्यावं लागतं.

ड जीवनसत्त्व भरायचंच आहे, पण हळू. रोज १००० ते २००० युनिट, आणि मधून मधून कॅल्शियम तपासत. ६ लाख युनिटचं इंजेक्शन आईंना कुणी दिलं तर घेऊ नका. इंजेक्शनांवर इंजेक्शनं आणि ६० हजारांच्या पुड्या रोज घेऊन कॅल्शियम १४ पर्यंत गेलेले रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांचं पीटीएच तळाला असतं, हा फरक. क्षयरोग, सारकॉइडोसिस, मायलोमा यांतही कॅल्शियम वाढतं आणि पीटीएच खाली असतं.

दूध-दही बंद करू नका. कॅल्शियम वाढलंय म्हणून जेवणातलं कॅल्शियम तोडलं की ग्रंथी ते हाडांतून आणखी ओढते. नेहमीचं जेवण चालू ठेवा, मात्र दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवा आणि पाणी भरपूर प्यायला द्या. उन्हाळ्यात, किंवा जुलाब-उलट्यांत शरीर कोरडं पडलं की या रुग्णांचं कॅल्शियम झपाट्याने चढतं. आई सुस्त झाल्या, गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या, उलट्या थांबेनात, सारखी लघवी आणि तहान लागली, तर घरी वाट न बघता दवाखान्यात न्या. तिथे सलाइन आणि गरजेनुसार झोलेड्रोनिक अ‍ॅसिडने कॅल्शियम उतरवता येतं.

कायमचा इलाज ऑपरेशनच. वय ५० च्या आत असणं, कॅल्शियम मर्यादेपेक्षा १ ने जास्त असणं, हाडं ठिसूळ होणं किंवा मणक्याचं फ्रॅक्चर, मूत्रपिंडाची क्षमता ६० च्या खाली जाणं, खडे होणं, लघवीत कॅल्शियम फार जाणं, यांतलं एक जरी असलं तरी ऑपरेशन सुचवतात. आईंच्या यादीत दोन गोष्टी आताच आहेत. सिनाकॅल्सेट नावाची गोळी कॅल्शियम खाली ठेवते, पण हाडं सुधारत नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी ती ठीक.

ऑपरेशनआधी सेस्टामिबी स्कॅन करतात. तो निदानासाठी नसून सर्जनला जागा दाखवण्यासाठी असतो. स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही असं होत नाही. जागेचं महत्त्व किती, ते या आजाराच्या इतिहासात दिसतं. व्हिएन्नात १९२५ मध्ये सर्जन फेलिक्स मांडल यांनी हाडं ठिसूळ झालेल्या एका ट्राम कंडक्टरची पॅराथायरॉइडची गाठ काढली. त्याआधी त्यांनी त्याला दुसऱ्याच्या पॅराथायरॉइड ग्रंथी बसवून बघितल्या होत्या, कारण ग्रंथी कमी पडतेय म्हणून हाडं खंगतात असा तेव्हाचा समज होता. गाठ काढल्यावर माणूस सुधारला आणि समज उलटा पडला. पुढच्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची मान सर्जननी उघडली. गाठ सापडली नाही. एकूण सात ऑपरेशनं झाली आणि १९३२ मध्ये सातव्यात ती छातीत, उरोस्थीच्या मागे मिळाली. तोवर मूत्रपिंडं गेली होती. काही आठवड्यांत ते वारले. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, वाटेत कुठेही थांबू शकतात. म्हणून स्कॅन, आणि म्हणूनच अशी ऑपरेशनं वारंवार करणारा सर्जन. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

ऑपरेशन सुरू असतानाच गाठ काढण्याआधी आणि काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच मोजतात. हे हार्मोन रक्तात तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे दहा मिनिटांत ५० टक्क्यांहून जास्त उतरलं की दोषी ग्रंथी निघाली असं समजतात. ही सोय असलेलं ठिकाण मिळालं तर उत्तम. आवाजाची नस जवळून जाते, तिच्याबद्दल आधी बोलून घ्या.

नंतरचे काही दिवस जपायचे असतात. इतके महिने पोखरलेली हाडं आता कॅल्शियम आधाशासारखं ओढून घेतात आणि रक्तातलं पडतं. अल्कलाइन फॉस्फटेज आधी खूप वाढलेलं असेल आणि ड जीवनसत्त्व कमी असेल, तर हे जास्त तीव्र होतं. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असेल तर आजार बरा झाला असं म्हणतात, आणि अनुभवी हातांत शंभरातल्या ९५ हून जास्त जणांच्या बाबतीत तसं होतं. हाडांची घनता पुढच्या एक-दोन वर्षांत वाढते. अंगदुखी आणि थकवा किती उतरेल हे माणसागणिक वेगळं.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, ‘आम्हा भावंडांना होईल का’. ५४ व्या वर्षी एकच गाठ असेल तर सहसा आनुवंशिक नसतं. मात्र घरात कुणाला तरुणपणी वारंवार खडे झाले असतील, किंवा पिट्यूटरी वा स्वादुपिंडाच्या गाठी झाल्या असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तसं काही नसलं तरी तुम्ही भावंडं एकदा कॅल्शियम आणि अल्ब्युमिन तपासून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे, आणि आईंच्या पुढच्या फेरीच्या वेळी त्याच लॅबमध्ये होऊन जाईल.